पांढरी मुळी

सफ्रू गावच्या मसाले गल्लीतल्या दोन औषधी चूर्णांच्या दुकानांना शेवटी सरकारी टाळं लागलं. पण ते लागलंच नाही असं धरून चालू. कारण या घटकेला त्यातल्या एका दुकानाचा मालक, बूश्ता, इस्पितळाच्या खाटेवर पडून आहे आणि त्याला टाळ्यापेक्षा पोटाची काळजी आहे.

पोट दुखत नव्हतं. दुखलं असतं तर तो वेळेवर आला असता. सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो न्हाणीच्या दारातच कोसळला. बायकोने, यामनाने, त्याला हातगाडीवर घालून आणलं. वाटेत एक गिऱ्हाईक भेटलं.

"काष्ठौषधीवालाच दवाखान्यात निघाला?" ते म्हणालं. "मग आम्ही कुठे जायचं?"

डॉक्टर सिहामने घशातून नळी घालून आत पाहिलं.

"काका, जठरात जखमा आहेत, त्यांतून रक्त वाहतंय. दुखण्यावरच्या गोळ्या कधीपासून घेताय?"

"मी? आणि गोळी?" बूश्ता ताडकन उठायला गेला आणि तितक्याच घाईने आडवा झाला. "पोरी, आमच्या घराण्यात कुणी आजवर गोळी गिळलेली नाही."

"गुडघा दुखतो ना?"

"दुखायचा. चूर्णाने थांबला."

"तुमच्याच दुकानातल्या?"

"छे! आपल्या हातचं औषध आपल्याला लागू पडत नाही. आमच्यात दुसऱ्याच्या हातचं घ्यायची रीत आहे. समोरच्या जिलालीचं घेतो."

"आणि ह्यांचं-त्याचं बोलणं नाही," यामना म्हणाली. "म्हणून आणायला मला पिटाळतात. माझ्या बहिणीला संधिवात आहे असं सांगून आणते. तिला बिचारीला पत्ताही नाही."

खरं तर गुडघ्याचं चूर्ण घ्यावं ते बूश्ताचंच, असं पार फेस शहरापर्यंत लोक म्हणत. सुंठ, मेथी आणि पांढरी मुळी. सुंठ-मेथी कुणीही कुटे. पांढरी मुळी मात्र मेहुणा कासाब्लांकाहून आणून द्यायचा आणि बूश्ता ती मागच्या खोलीत कडी लावून स्वतः कुटायचा. चूर्ण सकाळी उपाशीपोटी, मधातून घ्यायचं. लंगडत आलेली माणसं ताठ चालत जात. महिन्याभरात तीच माणसं छातीत जळजळतं म्हणून ज्येष्ठमधाचं चूर्ण न्यायला येत. बूश्ता याला गिऱ्हाइकाची निष्ठा म्हणे.

जिलालीच्या चूर्णाने कुणाचं काही बरंवाईट होत नसे. म्हणूनच बूश्ताचा त्याच्यावर विश्वास होता. या हिवाळ्यात मात्र ते अचानक गुण देऊ लागलं. बूश्ता गच्चीचा जिना पोरासारखा चढू लागला.

सिहामने यामनाला घरून चूर्णाची पुडी आणायला लावली. ती आल्यावर सिहामने कागदावर पसरली, चिमट्याने एक पांढरा तुकडा उचलला आणि बूश्ताच्या नाकासमोर धरला. तुकड्यावर अर्धं अक्षर होतं.

"झाडाच्या मुळावर अक्षरं उमटत नाहीत, काका. ही दुखण्यावरची गोळी आहे. कुटून घातलीय."

बूश्ताने तुकडा हातात घेऊन बराच वेळ निरखला.

"मेल्याला धड कुटताही येत नाही," तो म्हणाला.

"ऐका. शरीरात एक द्रव्य असतं. सांध्यात ते ठणका लावतं, पोटात तेच आतलं अस्तर राखतं. गोळीला फरक कळत नाही, ती दोन्हीकडचं बंद करते. मग पोटातलं आम्ल पोटालाच खायला लागतं. ठणका मेलेला असतो, म्हणून तुम्हाला पुष्कळदा समजतही नाही. पुन्हा असं रक्त गेलं तर हातगाडी इथवर पोचायची नाही."

बूश्ताचा चेहरा चादरीच्या रंगाचा झाला.

"जो खाईल त्याला असं होतं?"

"प्रत्येकाला नाही. पण वय झालेल्यांना धोका जास्त. त्यात रोज घेतली, उपाशीपोटी घेतली, तर बघायलाच नको."

"उपाशीपोटी," बूश्ता पुटपुटला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"आता कळलं?" यामना म्हणाली. "दुसऱ्याच्या हातचं म्हणे!"

संध्याकाळी बाजाराचा मुखिया हाज तहामी संत्री घेऊन आला. यामनाने त्याला सगळं सांगितलं. हाजने कपाळाला हात लावला.

"अरे बूश्ता, कमालच झाली. जिलाली इथेच वरच्या मजल्यावर पडून आहे. त्यालाही काळंच होतंय. कुणाचं चूर्ण घेतलं ते सांगायला तयार नाही."

बूश्ता संत्रं सोलत होता. तो थांबला.

"हे विष आहे," हाज म्हणाला. "गल्लीतली म्हातारी माणसं मरतील. उद्या सकाळी तपासनिसाला घेऊन येतो, एकेक दुकान उघडायला लावतो. तुझी रीतसर तक्रार हवी मात्र. बोल."

बूश्ताने संत्रं खाली ठेवलं, चादर सारखी केली, घसा खाकरला आणि बाजाराच्या सभेत बोलावं तसा बोलू लागला:

"समोरील दुकानाची कसून झडती घेण्यात यावी व दोषीवर कडक कारवाई करण्यात यावी, परंतु तसे करताना तक्रारदाराच्या मागील खोलीतील पांढऱ्या मुळीच्या स्ट्रिपा फोडण्यात येऊ नयेत, तसेच त्यांवरील मुदतीची तारीख वाचण्यात येऊ नये, ही नम्र विनंती."