परका हात

सोमवारी भरलेला कॉफीचा डबा गुरुवारी अर्धा. मंगलाबाईंनी तो पितळी डबा कानाशी धरून हलवून पाहिला. घरात माणसं तीन. भूत काही कॉफी पीत नाही.

संशय होता तो सुनेवरच. भारतीचा भाऊ दर बुधवारी पट्टीश्वरमहून यायचा. येताना रिकामी असलेली त्याची पिशवी जाताना फुगलेली असायची. त्यात परवा ओट्यावरच्या फडक्याला कॉफीचा वास आला आणि भारतीने ते घाईघाईने धुवायला टाकलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तेव्हापासून मंगलाबाई सुनेशी तमिळमधून बोलू लागल्या. कुंभकोणममधल्या या मराठी घरात तमिळ होतं ते उंबऱ्याबाहेरच्यांसाठी. भारतीला काय कळायचं ते कळलं.

कॉफीचा मान मंगलाबाईंचा. पहाटे फिल्टर लावायचा तो घरातल्या थोरल्या बाईनेच, ही त्यांच्या सासूच्या सासूपासूनची रीत. चष्मा आंघोळीनंतर डोळ्यांवर चढायचा, पण माझा हात अंधारातही चुकत नाही, असं त्या चारचौघींत मिरवून सांगायच्या.

शेवटी त्यांनी मुलाला, गिरीशला, कपाटातलं ते यंत्र काढायला लावलं. गिरीशचं कामच ते: बटणाएवढ्या सेलवर वर्षभर चालणारी, आपली आपण शिकणारी इवलीशी यंत्रं. गेल्या दिवाळीत गंमत म्हणून त्याने एकाला आईचा हात शिकवला होता. ती डबा कसा धरते, झाकण कसं फिरवते, सगळं त्या चिमुकल्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डब्याच्या तळाशी चिकटवलं की झालं. आईचा हात असला तर गप्प, दुसऱ्याचा असला तर गिरीशच्या फोनवर चुगली.

दुसऱ्याच दिवशी चुगली आली. परका हात. वेळ पहाटेची.

म्हणजे माझ्या आधी उठून डल्ला मारते, मंगलाबाई म्हणाल्या. त्यांना बरंही वाटलं आणि वाईटही. गिरीशने बायकोला विचारलं. मी डबा उघडला नाही, एवढंच बोलून ती ओट्याकडे बघत राहिली. ते पाहून मंगलाबाईंचा तोल गेला. भावाला बोलावून घे आणि त्याच्याबरोबरच चालती हो, म्हणाल्या. चोराच्या हातचं या घरात कुणी खाणार नाही.

यंत्रही कधी कधी चुकतं, गिरीश चाचरत म्हणाला.

"चुकतं? आण तो डबा. माझा हात ओळखतं की नाही ते तिच्यादेखतच दाखवते."

लख्ख दुपार होती. डोळ्यांवर चष्मा होता. मंगलाबाईंनी डबा धरला, झाकण फिरवलं, चमचा आत बुडवून वर काढला.

गिरीशचा फोन वाजला. परका हात.

मंगलाबाईंनी फोनकडे पाहिलंच नाही. त्या आपल्या हाताकडे बघत होत्या. चमचा थरथरत होता आणि पूड ओट्यावर सांडत होती.

"भारती, कधीपासून गं?" त्यांनी विचारलं. मराठीत.

भारतीने फडकं उचललं आणि रोजच्यासारखा ओटा पुसून घेतला.