गोटीला पाहायला आलेले पाहुणे

"एकदा म्हणून दाखव ना वं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "फक्त एकदा. लेकरं कामठीहून आस लावून आले."

अश्लेषाने चहाचा ट्रे टीपॉयवर ठेवला. मुलगी पाहायला अकरा जण आले होते, दोन गाड्या करून. त्यात पाच पोरं. रुख्मिणीबाईंचा मुलगा दुर्गेश, म्हणजे नवरदेव, कोपऱ्यातल्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. कोणी पत्रिका मागितली नाही. उंची विचारली नाही. बत्तीस वर्षांची होईपर्यंत लग्न काहून नाही केलं, हेसुद्धा नाही. "चांगली माणसं आहेत," असं तिची आई शामलाबाई स्वयंपाकघरात येऊन दोनदा सांगून गेल्या होत्या.

सहाव्या वर्षी अश्लेषा टीव्हीवरच्या एका मालिकेत गोटी झाली होती. दर भागात गोटी शामलाबाईंनी शिवलेला नव्या रंगाचा फ्रॉक घालून कुठूनतरी धपकन पडायची, उठायची आणि गाल फुगवून म्हणायची, "गोटी पडली, पण फुटली नाही!" तीन वर्षं हे वाक्य घराघरातलं पोरगं म्हणत होतं. मग अश्लेषाचे पुढचे दात आले, उंची वाढली, आणि एका सोमवारी मालिकेत दुसरीच गोटी दिसली. शामलाबाई मात्र तिला घेऊन मुंबईच्या खेपा मारत राहिल्या. पार अठराव्या वर्षापर्यंत. प्रत्येक ऑफिसात ती ते वाक्य म्हणायची, लोक हसायचे आणि पुढच्या मुलीला आत बोलवायचे. शेवटच्या खेपेला नागपूर स्टेशनवर उतरल्यावर ती आईला म्हणाली, "आता मी हे पुन्हा म्हणणार नाही." आणि म्हणाली नाही. चौदा वर्षं. धंतोलीतल्या एका लॅबमध्ये ती पेशंटचं रक्त काढते. तोंडावर मास्क असतो. कोणी ओळखत नाही, हेच तिला आवडतं.

"आधी दोघायले जरा बोलू द्या," शामलाबाई म्हणाल्या.

गॅलरीत दुर्गेशने मालिकेचं नावही काढलं नाही. "दिवसभर उभं राहून पाय दुखत असतीन नं तुमचे?" त्याने विचारलं.

हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. "पायांचं काही नाही," ती म्हणाली. "लहान पोरांचं रक्त काढताना जड जाते."

"मग काय सांगता त्यायले?"

"दुखेल म्हणून सांगते. एकदा खोटं बोललं, की पुढच्या वेळी हातच देत नाहीत."

तो खाली रस्त्याकडे पाहू लागला. "तुम्ही चांगल्या आहा," एवढंच म्हणाला.

अश्लेषा आत आली. ओढणी कमरेला खोचली. हॉलच्या मधोमध धपकन पडली, उठली, गाल फुगवले आणि ते वाक्य म्हणाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सगळे मोबाइल वर झाले. "पुन्हा! पुन्हा!" ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडताना तर तिला स्वतःलाच हसू आवरेना. दुर्गेशही उभं राहून शूटिंग घेत होता.

सगळ्यांचे सेल्फी झाले. प्लेटमधली कोथिंबिरीची शेवटची सांबारवडी संपली. मग रुख्मिणीबाईंनी पर्समधून एक लग्नपत्रिका काढली आणि शामलाबाईंच्या हातात ठेवली.

"वीस तारखेले दुर्गेशचं लग्न आहे. पोरगी सावनेरची. यायचं बरं का दोघींनी."

शामलाबाईंना काही कळेना. "पण तुम्ही तर अश्लेषाले पाहाले येतो म्हणाल्या होत्या..."

"पाहालेच आलो नं, ताई. मागणी घालाले येतो, असं कुठं म्हटलं?" रुख्मिणीबाई हसल्या. "ही कोणाले भेटत नाही म्हणून ऐकलं होतं. नुसतं गोटीले भेटतो म्हटलं असतं, तर दार उघडलं असतं का तुम्ही?"

दुर्गेश पुढे झाला. त्याने अश्लेषाकडे पाहिलं नाही. "मिनलले, म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोले, गोटी लई आवडते. लहानपणापासून. रिसेप्शनले स्टेजवर एकदा म्हटलं असतं, तर... तिले सरप्राइज होईल."

अश्लेषा भिंतीला टेकली. गुडघा सोलला होता, ते तिला आत्ता जाणवलं. तिने आईकडे पाहिलं. गेल्या वर्षी एका पाहुण्या बाईने "ही आता ओळखूसुद्धा येत नाही" म्हटलं, तेव्हा शामलाबाईंनी चहा अर्धा असतानाच सगळ्यांना उठवून बाहेर काढलं होतं.

शामलाबाईंनी चष्मा लावला. पत्रिका उघडली. तारीख वाचली, हॉलचं नाव वाचलं, बोट ठेवून वेळ वाचली. दुर्गेशने मोबाइल खिशात घातला.

"आई," अश्लेषा म्हणाली, "सांग यांना."

शामलाबाईंनी मान वर केली. डोळे भरून आले होते.

"रुख्मिणीताई," त्या म्हणाल्या, "फ्रॉक कोणत्या रंगाचा शिवू?"