फाटकापर्यंत

आळंदीचा पूल ओलांडल्यावर पूनमने स्कूटरचा वेग कमी केला. पुढे चऱ्होली. नव्या इमारती, मग सोपानरावांची गिरणी, मग वळण, आणि वळणावर घराचं फाटक. घर तिथून चांगलं आत, चिंचांच्या आड. फाटकाशी तिने स्कूटर थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

आणि टेबलावरचा गार झालेला चहा संपवला.

खरी स्कूटर चाकणला कंपनीच्या पार्किंगमध्ये होती. टेबलावर होती ती तिच्यातली काळी पेटी, गाडी कुठे आहे ते सर्व्हरला कळवणारी. चाचणीचं यंत्र त्या पेटीला खोटे उपग्रह दाखवायचं, इंजिन चालू असल्याचा खोटा इशारा द्यायचं. बिचारी पेटी जागची हलत नसे, पण आपण रस्त्यावर आहोत असं इमानेइतबारे कळवत राही. मोबाइल नेटवर्क तेवढं खरं. ते मध्येच तोडायचं, पुन्हा जोडायचं आणि माहिती पोचते का बघायचं, हे इंटर्न म्हणून पूनमचं काम.

कंपनीची पेटी जळाली होती, अर्थात इंटर्नच्याच हातून. म्हणून पूनमने आपल्या स्कूटरची काढून आणली, सिमकार्डासकट. ती कॉलेजला लागली तेव्हा वडिलांनीच, तात्यांनी, बसवून घेतली होती. सिम अजून चालू निघालं, हे तिला नशीबच वाटलं.

चाचणीला रस्ता कुठलाही चालला असता. तिचे वरिष्ठ नागसेन सर रावेतचा घे म्हणाले होते. तिने चऱ्होलीचा घेतला. तिकडे नेटवर्क मध्येमध्ये जातं, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं.

पण खरं म्हणजे तिला घरी जायचं होतं. फार जायचं होतं. सुपारी फुटल्यावर तिने लग्न मोडलं, शिक्षण पुरं करायचं म्हणून. तात्या एवढंच म्हणाले, "या फाटकातून पुन्हा आत यायचं न्हाई." ते शब्दाचे पक्के, आणि ही त्यांचीच मुलगी. तिने भोसरीत खोली घेतली. तात्या तिचा फोन उचलत नसत. आई चोरून बोलायची आणि नुसती रडायची.

मग रोज संध्याकाळी यंत्र मोकळं झालं की पूनम घरी जायची. स्कूटर आत न्यावी असं वाटे, पण नकाशावरचा रस्ता फाटकापाशीच संपत होता. थोडा वेळ थांबून ती वळवायची.

आज इंटर्नशिपचा शेवटचा दिवस. नागसेन सर अहवाल चाळून खूश झाले.

"नेटवर्क गेलं तरी काही हरवलं नाही. सगळं पोचलंय," ते म्हणाले.

पूनमने मान हलवली. पडद्यावर स्कूटर अजून फाटकाशीच होती. आज वळवायला तिचा हात होईना.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ कुलदीप. घर सोडल्यापासून त्याचा हा पहिलाच फोन. तो हळू आवाजात बोलत होता.

"ताई, तात्या मोबाइलवर तुझी गाडी बघत बसत्यात. फाटकाशी आलीस की रोज चालत येत्यात, पोचत्यात तवर तू गेलेली असतीस. त्यास्नी वाटतं, ते येताना दिसत्यात म्हणूनच तू जातीस. म्हणून आज ते घरातच बसून हायेत. फाटक उघडं ठेवलंय."