ऱ्हस्व मनि

व्हिडिओ गेममधले बनावट प्राणी ओळखण्यात तपासनीसबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रत्येक प्राण्याला सापडतानाच एक छुपा नंबर मिळतो. दोघांचा नंबर एकच निघाला, तर नंतरच्या तारखेचा प्राणी नक्कल. तो बाद, आणि तो बाळगणाऱ्याला स्पर्धेच्या दारात पुन्हा उभं करत नाहीत.

आज समोरच्या स्पर्धक बाईंच्या मांजरीचा नंबर पाहून त्या चपापल्या. हा तर त्यांच्या स्वतःच्या मांजरीचा! नावही तेच, ‘मनि’. नवव्या वर्षी घाईत त्यांनी वेलांटी ऱ्हस्व दिली होती आणि ताईने त्यावरून वर्षभर चिडवलं होतं. ती मांजर पर्समधल्या जुन्या गेममधून कधी बाहेर गेलीच नव्हती.

“कुणाकडून करून घेतलीत ही?”

“करून कसली घेते! लहानपणी पकडलीय. थांबा, ताईलाच विचारते.” बाई फोन घेऊन खिडकीशी गेल्या.

तपासनीसबाईंनी तारीख पाहिली. त्यांच्या मनिच्या एक दिवस आधीची. त्यांनीही घाईघाईने फोन लावला.

“ताई, मनि मीच पकडली होती ना गं?”

“डोकं फिरलंय का तुझं? आत्ताच तर विचारलंस!”

खिडकीशी उभ्या बाई फोन ठेवून वळल्या.

“माझी ताई हो म्हणाली,” त्या म्हणाल्या. “तुमची?”