मुदत टळली तेव्हा

रुचिर पुन्हा आला होता. विभाने दार उघडलं, तसा त्याच्या ओल्या मोज्यांचा कुबट वास त्याच्याआधी आत शिरला.

"काका जागे आहेत ना?" म्हणत तो सरळ आतल्या खोलीकडे वळला. हातात पपई होती, पिकून लिबलिबीत झालेली.

विभाला शिसारी आली.

सिंगापुरातल्या सेम्बावांगचा हा फ्लॅट तिच्या वडिलांचा. शिपयार्डातल्या नोकरीवर मनोहररावांनी तो घेतला होता. खुब्याचं हाड मोडलं आणि ते अंथरुणाला खिळले, तेव्हा फ्लॅट रुचिरला विकायचं ठरलं. त्याचं सरकारी कर्ज मंजूर होतं, घराची किंमत ठरवणारं व्हॅल्युएशनही झालं होतं. पण त्या व्हॅल्युएशनला मुदत असते. ती टळली की सगळं पहिल्यापासून.

आणि हा माणूस हलत नव्हता. कधी ऑफिसातून सुट्टी मिळत नव्हती, कधी एखादा कागद सापडत नव्हता. रविवारी मात्र न चुकता येऊन बाबांच्या उशाशी बसायचा. आतून कुजबुज ऐकू यायची. विभा चहा घेऊन गेली की दोघंही गप्प. रुचिर फुरके मारत चहा प्यायचा, बाबांना पपई भरवायचा आणि तीच बोटं चाटायचा. तो गेल्यावर विभा खुर्ची डेटॉलने पुसून काढायची.

"गिधाड आहे नुसतं," ती फोनवर नवऱ्याला म्हणाली. वरुण पर्थला नव्या नोकरीवर रुजू झाला होता. "माणूस गेलेलं घर स्वस्तात मिळतं, हे ठाऊक आहे त्याला. बाबांचे श्वास मोजत बसतो."

"नर्सिंग होमवाले बाबांची खोली अशी किती दिवस अडवून ठेवतील?" वरुणने विचारलं. "बाबांना सांगितलंस?"

"थोडे दिवसच राहायचंय, असं सांगितलंय. त्यांची सोय लागल्याशिवाय मी तिकडे येणार कशी?"

पुढच्या रविवारी रुचिर निघाला, तेव्हा ती त्याच्यामागून बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं.

"व्हॅल्युएशनची मुदत संपली."

"हो ताई. परवाच."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

त्याच्या हनुवटीला पपईचं बी चिकटलं होतं.

"एक म्हातारा माणूस मरायची वाट बघता तुम्ही. त्याच्याच हातात हात घालून. किळस येते मला तुमची."

रुचिर बूट घालता घालता थांबला. त्याने बंद दाराकडे एकदा बघून घेतलं.

"तुम्हाला सांगणार नव्हतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मी पहिल्यांदा घर बघायला आलो, तेव्हाच काकांनी माझा हात धरला होता. म्हणाले, 'घर तूच घे. पण जमेल तितकं लांबव बाबा. किल्ली तुझ्या हातात पडली, की माझी पोरगी मला टाकून जाणार आहे.'"