हात खाली ठेवून काढलेला खांदा

"तुम्ही माझा खांदा बघितलाच नाही, साहेब. नुसता कागद बघितलात."

छताला गिलावा करणारा गवंडी कंपनीच्या डॉक्टरसमोर उभा होता. टेबलावर एमआरआयची फिल्म होती आणि तिचा रिपोर्ट: सांधा जागेवर, दोष नाही. त्याच्याखाली डॉक्टरने 'कामास योग्य' लिहून सही ठोकलेली. सोमवारपासून पुन्हा परांचीवर. मागच्या खेपेला खांदा निखळला तेव्हा मेहुण्याने कमरेचा पट्टा धरला, म्हणून तो खाली आला नाही. मेहुणा आता दुसऱ्या कामावर होता.

"हात खाली असला की जागेवरच असतो हो," सोबत आलेली बायको म्हणाली. "वर नेला की सटकतो. मशीनमध्ये यांना हात अंगाला चिकटवून झोपवलं. पाहुण्यांसमोर कार्टं कसं गुणी होतं, तसा झाला यांचा खांदा."

डॉक्टर हसला नाही.

मशीन चालवणारा मात्र खरं बोलला होता. "हात डोक्यामागे घेऊन काढला असता तर कदाचित दिसलं असतं, काका. पण चिठ्ठीत तसं लिहिलेलं नाही." चिठ्ठी याच डॉक्टरची होती.

"मशीनपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?" डॉक्टर म्हणाला. "लावा ती फिल्म वर. दाखवतो."

फिल्म बघायची दिव्याची पेटी भिंतीवर उंच बसवलेली होती.

"अहो, डाव्या हाताने," बायको म्हणेपर्यंत उजवा गेलाही. जन्मभर थापी घेऊन छताकडे जाणारा हात तो, त्याला कोण अडवणार? फिल्म चिमट्यात बसली आणि आत काहीतरी कटकन सरकलं.

हात अर्ध्यावर आला आणि तिथेच अडकला. खांद्याची गोलाई गेली, हाड पुढे आलं. बायकोने कोपराखाली हात दिला. घरी देते तसाच.

वर उजेडात दोष नसलेला खांदा. खाली हा.

डॉक्टरने वर पाहिलं, खाली पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं. "सही झालीय. आता रिपोर्ट बदलता येत नाही."

"राहू द्या रिपोर्ट," गवंडी दात आवळून म्हणाला. "सोमवारी यातला कुठला खांदा परांचीवर चढवू, तेवढं सांगा."