अर्जाची सातवी ओळ

गिरणीतून फोन आला तेव्हा परमेश्वर तीनचाकीच्या साखळीला तेल घालत होता.

"काका, काकूंना दवाखान्यात नेलंय. लगेच निघा," बायकोबरोबर काम करणारी धनश्री म्हणाली.

परमेश्वरचे पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. दोन्ही हातांनी दांडा फिरवत तो चकलांब्याहून फाट्यावरच्या दवाखान्यात पोचला, तोवर भिवराबाई गेली होती. फुफ्फुसं थकली होती, असं डॉक्टर म्हणाले. वय बेचाळीस.

भिवराबाई सूतगिरणीत हजेरीची कारकून होती. तिच्या खिडकीला लागून गिरणीनं काचेची खोली उभी केली होती, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. खर्च एका तंबाखू कंपनीचा. दारावर कंपनीच्या हिरव्या पानाची पाटी. पंखा आतला धूर बाहेर फेकायचा, तो थेट हिच्या टेबलावर. तिला आधीच दमा. तिनं दिव्यांगांच्या कायद्याखाली तक्रार केली. मला श्वास घेता येत नाही, हेही अपंगत्वच आहे, ती खोली हलवा.

गिरणीच्या समितीनं तक्रार फेटाळली. तालुक्यातल्या दिव्यांगांनीच याविरुद्ध निवेदन दिलंय, असं कारण दिलं.

तेरावं झाल्यावर धनश्री घरी आली. भिवराबाईच्या खुर्चीवर आता तिला बसवलं होतं. तिला सहावा महिना होता आणि बोलता बोलता खोकला येत होता.

"काका, काकूंनी अपील लिहून ठेवलंय. बीडला द्यायचं. वारसालाबी देता येतं. शुक्रवारपत्तोर मुदत हाय."

परमेश्वरनं पेटीतून कागद काढून दिले. धनश्रीनं ते वाचले आणि एका जागी बोट ठेवलं.

"सगळं भरलंय. सातवी ओळ तेवढी कोरी हाय."

"काय लिवायचं तिथं?"

"निवेदनावर पहिली सही कोणाची, त्याचं नाव. त्याच्यावर आपली हरकत. त्याबिगर अर्ज घेत न्हाईत."

"तिला नाव कळलं नसंल."

"तसंच असंल."

"म्या आणतो नाव," परमेश्वर म्हणाला. "तू त्या धुरात नको बसू, पोरी."

"मग कुठं बसू काका?"

परमेश्वरनं कागद परत पेटीत ठेवले.

परमेश्वर शाळेत गेलेला नव्हता. वाचता येत नव्हतं, पण सही यायची. लग्नानंतर भिवराबाईनंच पाटीवर शिकवली होती. शेवटच्या अक्षराला तो लांब शेपूट काढायचा आणि ती हसायची. दिवाळीआधी तीनचाकी मिळाली, तेव्हा वाटपाच्या मांडवात बाकीच्यांनी अंगठे लावले, यानं ऐटीत सही केली. साहेबानं पाठ थोपटून यालाच पुढे बसवलं. घरी येऊन त्यानं हे तिला दोनदा सांगितलं.

संक्रांतीनंतर एकदा ती बीडहून दमून आली आणि म्हणाली, "सही अजून तशीच करता का वो? शेपूट काढून?"

त्यानं कॅलेंडरच्या मागं काढून दाखवली. ती कितीतरी वेळ बघत बसली. मग भाकरी थापायला उठली.

दुसऱ्या दिवशी परमेश्वर गिरणीत गेला. काचेच्या खोलीबाहेर विठ्ठलराव बिडी ओढत बसला होता. त्याची डाव्या हाताची बोटं कधीकाळी मशीननं नेली होती.

"निवेदनात तू होता ना बे?"

"होतो. आंगठा लावला. अकरा जण होतो."

"माझी बायकू मेली, विठ्ठल."

विठ्ठलरावनं बिडी विझवली. "मला काय ठावं त्यात काय लिवलंय? मला वाचता येतं का?"

"पयली सही कोणाची?"

विठ्ठलराव तीनचाकीकडे बघत राहिला. पाठीमागच्या पत्र्यावर चिकटवलेलं हिरवं पान उन्हानं विटलं होतं.

"गाडी बरी चालती का रे?"

"गाडीचं कावून काढलं मधीच? नाव सांग."

"ऱ्हाऊ दे, परमेश्वर. घरी जा."

"भितो का कुणाला?"

"कुणाला न्हाई भीत. तू घरी जा."

परमेश्वरला राग आला. मोठ्या माणसाचं नाव असणार, त्याशिवाय हा असा गप्प बसत नाही. त्या माणसाचं नाव अर्जात घालायचं, त्याला बीडला सगळ्यांसमोर उभा करायचा आणि विचारायचं, तुझं काय बिघडवलं होतं तिनं?

बुधवारी पंक्चरच्या दुकानात तीनचाकी ठेवून तो कुबड्यांवर एसटीनं बीडला गेला. अपिलाच्या कार्यालयात ताराबाई नावाची कारकून होती. तिनं त्याचं नाव-गाव लिहून घेतलं, बसायला खुर्ची दिली आणि फाइल काढली.

"निवेदनाची प्रत एकदा गेलीय की. संक्रांतीनंतर. भिवराबाईंनी स्वतः नेली."

"तिनं?" परमेश्वर म्हणाला. "मग तिनं नाव कावून न्हाई लिवलं?"

"ते मला कसं माहीत असणार? वाचून दाखवू का?"

"वाचा."

"'आम्ही खरे दिव्यांग आहोत. दम्यासारखे आजार आमच्यात धरले तर आमच्या सवलतींना वाटेकरी होतील. गिरणीतल्या धूम्रपान कक्षाला आमची हरकत नाही.'" ताराबाईनं मान वर केली. "असं कोणी लिहून देतं का हो? कंपनीनंच लिहून आणलेलं दिसतंय."

"पयलं नाव वाचा, बाई."

तिनं पान उलटलं. "दहा अंगठे आहेत. सही एकच, सगळ्यात वर." तिनं नाव वाचायला तोंड उघडलं आणि ती थांबली. मघाशी लिहून घेतलेल्या कागदाकडे तिनं पाहिलं. "काका, तुमचं नाव काय सांगितलंत?"

परमेश्वरनं कागद आपल्याकडे ओढला. कागदाच्या माथ्यावर हिरवं पान होतं. खाली शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेलं होतं.

तीनचाकी अजून पंक्चरच्या दुकानातच आहे. मुदत शुक्रवारी संपते. सातवी ओळ भरायची राहिली आहे.